वाचनालयाचं मागचं दार

पॅरिस, मंगळवार

ती. बाबांना सोलेनचा नमस्कार.

आपल्या गावचं वाचनालय आता बंद पडणार नाही. मी काम करते त्या कारखानदारांच्या फाउंडेशननं पैसे मंजूर केले. आपल्या गावाचा विषय निघाला तेव्हा नियमाप्रमाणे मी बैठकीच्या बाहेर बसले होते, त्यामुळे माझ्यावर चिडू नका.

तुम्ही म्हणाल, "वाचनालय चालवणं सरकारचं काम, कारखानदारांचं नाही." गावच्या मेयरबाईही फोनवर तेच म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, देणगीच्या पाटीच्या फोटोत त्यांचा मेयरपदाचा तिरंगी पट्टा दिसेल ना.

पाटी पुढच्या दारावर लागेल, फाउंडेशनच्या संस्थापकांच्या नावाची. तिच्याखालून तुम्ही जाणार नाही, हे ठाऊक आहे मला. गुडघा कसा आहे? मागच्या दाराच्या पायऱ्या उंच आहेत. तिथे कठडा बसवायला मेयरबाईंना सांगितलंय, गावाच्या खर्चानं.

आईला सांभाळा.

तुमचीच,
सोलेन