लाईन नंबर सातची खाटमोजणी

२ मे १९६०, सोमवार. सकाळी ७.
आजपासून डायरी. मोठी माणसं डायरी लिहितात. मराठीत लिहायचं ठरवलं आहे, कारण इथे भिलाईत ऑफिसातले सगळे हिंदीवाले, कुणाला वाचता येणार नाही. (लिपी एकच आहे हे आत्ता लक्षात आलं. अक्षर बारीक काढीन.)

मुख्याध्यापकांनी अकरावीतल्या दोघांना सुट्टीचा महिना वॉटर ऑफिसात पाठवलं आहे. लोकसेवेचं प्रत्यक्ष शिक्षण. पगार नाही, शेवटी सर्टिफिकेट. एक मी, शेषराव बळीराम नंदागवळी. दुसरी चंपा रामटेके. तिला कशाला घेतलं कळत नाही. वर्गात तोंड उघडत नाही. पहिली येते तेवढंच.

संकल्प: चहा बंद. रोज दहा रशियन शब्द, कारण प्लांटमध्ये रशियन इंजिनिअर आहेत आणि त्यांच्याशी बोलायला कोणीतरी लागणारच. राग आवरायचा.

सायंकाळी ६.
चहा दोन कप झाला. ऑफिसचे केवलराम बाबू स्वतः पुढे करत होते. सरकारी चहाला नाही म्हणणं शिस्तीत बसत नाही. रशियन शब्द एक: खराशो, म्हणजे छान. ऑफिसात रशियन एकही नाही, सगळे दुर्ग-राजनांदगावकडचे.

काम मोठं मिळालं आहे. आमच्या मजूर कॅम्पला नळ येणार. खोल्यांच्या ज्या लाईनीत शंभर किंवा जास्त माणसं, त्या लाईनीला स्वतःचा नळ. माणसं मोजायची आम्ही. मला माझीच लाईन, नंबर सात. चंपाला तिची, नंबर आठ. चौदा तारखेला आकडा द्यायचा. केवलराम बाबू म्हणाले, "बेटा, गिनती में दिमाग मत लगाना, पैर लगाना." जुन्या पद्धतीचा माणूस.

मायला सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली. सध्या साऱ्या कॅम्पला मिळून एकच नळ आहे, नाल्यापलीकडे सडकेवर. माय अंधार असतानाच रांगेत लागते आणि डोक्यावर एक, कमरेवर एक असे हंडे आणते. उजवा खांदा तिला धड वर करता येत नाही. म्हणाली, "म्हणजे आता लायनीत पानी येईन? माह्या पोराच्या हातानं?" मी म्हटलं, माझ्या सहीने.

४ मे, बुधवार.
झोप नाही, त्यामुळे कामाला सुरुवात नाही. दोष घराचा. घरात खाट एक. बाबा नाईट शिफ्ट करून येतात ते सकाळी तिच्यावर पडतात. दोन वाजता ते उठत नाहीत तोच फर्स्ट शिफ्टवरून देवाजीमामा येतो आणि आडवा होतो. तो उठतो तेव्हा सेकंड शिफ्टचे फकिराकाका हजर. महिन्याला पाळ्या बदलतात, पण खाट काही थंड होत नाही. भावी अधिकारी मात्र जमिनीवर, एका बाजूला माय आणि दुसऱ्या बाजूला धाकटी कमला. कमला लाथा मारते.

६ मे, शुक्रवार. दुपारी १.
मोजणीला आरंभ. पहिलं दार गुलाबबाईंचं. घरात किती माणसं, एवढंच विचारलं. त्यांनी अर्धा तास सांगितलं. कोण कोण्या पाळीत, कोण तुमसरला बायकोला आणायला गेला, कोणाला कोक ओव्हनमध्ये भाजलं. शेवटी आकडा सांगितला सात. मी आत पाहिलं, खाट एक! त्या खाटेवर माणूस एक, तोही घोरतो आहे. सात म्हणे!
दुसरं दार बंद. तिसऱ्या दारात मलाच पिंप हलवायला लावलं. ऊन फार. घरी आलो.
निष्कर्ष: लोकांना विचारणं अशास्त्रीय आहे. बाया फुगवून सांगतात.

७ मे, शनिवार.
सापडली! पद्धत सापडली. माणूस खोटं बोलेल, खाट बोलणार नाही. एक खाट म्हणजे एक कामगार, त्याची एक बायको, एक मूल. एकूण तीन. दारातून एक नजर टाकायची, खाटा मोजायच्या, तिनाने गुणायचं. कोणाशी बोलायची गरज नाही.
बावीस खोल्या चाळीस मिनिटांत झाल्या. घामसुद्धा आला नाही. ही पद्धत दिल्लीला कळवली पाहिजे. चहा तीन कप, आनंदाचे.

९ मे, सोमवार.
खाटा सत्तावीस. गुणिले तीन. एक्क्याऐंशी.
तीनदा गुणलं, एक्क्याऐंशीच. शंभराला एकोणीस कमी. म्हणजे आमच्या लाईनीला नळ नाही.
माणसाची खरी परीक्षा ती हीच. दुसरा कोणी असता तर स्वतःच्या लाईनीसाठी एकोणीस माणसं सहज घुसडली असती. मी घुसडणार नाही. कागदावर एक्क्याऐंशी लिहिलं, खाली रेघ मारली.

मायला सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती. म्हणाली, "एक्क्याऐंशी? अरे पोट्ट्या, इतके लोक त् माह्या पुढं रांगेत उभे राह्यते." मी तिला समजावलं की भावना वेगळी आणि आकडा वेगळा. तिने विचारलं, "फकिराले धरलं का?" मी म्हटलं, नातंगोतं पाहून मोजणी होत नाही. राग आवरला.

११ मे, बुधवार.
काल बुद्धपौर्णिमा झाली. पाहुणे, खीर, भांड्यांचा ढीग. मायने सडकेवरून चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला खांद्याला फडकं बांधून गेली. पाहून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून आकडा बदलला तर तो भ्रष्टाचारच.
रात्रीच्या भाकरी करताना पुन्हा तेच. "आमी काय मेलो का रे? आमाले कावून नाही मोजत?" मी म्हटलं, माय, तू मोजली गेली आहेस, पद्धतीच्या आत आहेस. तिने भाकर उलटली. मला वाटतं, पटलं असावं.

१२ मे, गुरुवार.
घोर प्रकार. चंपाचा आकडा पाहिला. लाईन नंबर आठ: एकशे बावन्न. खोल्या आमच्याइतक्याच, बावीस. लाईनीही समोरासमोर. एकशे बावन्न माणसं काय पत्र्यावर झोपतात?
कसं मोजलंस, विचारलं. म्हणाली, तिन्ही पाळ्यांच्या भोंग्यांच्या आधी घरोघरी गेले, बायांना विचारलं किती डबे भरता. तेवढे कामावर जाणारे. मग घरात राहणाऱ्यांची नावं लिहून घेतली. आठ दिवस लागले.
डबे! माणसांच्या मोजणीत डबे! हसू आवरलं, रागही आवरला. पण कर्तव्य आवरता येत नाही. केवलराम बाबूंच्या नावे तक्रार लिहिली: "लाईन नंबर आठ येथे आकडा फुगवण्यात आला असून सखोल चौकशी व्हावी." दीड पान. भाषा उत्तम उतरली आहे.

१४ मे, शनिवार.
दोन्ही आकडे आणि माझी तक्रार दाखल. यादी आजच बड्या साहेबांकडे गेली. केवलराम बाबूंनी तक्रार दोनदा वाचली, माझ्याकडे बघितलं, खायचं पान लावलं आणि म्हणाले, सोमवारी जांच करेंगे. चंपाला बोललो नाही. अपराध्याशी फार बोलू नये.

१६ मे, सोमवार. दुपारी ४.
आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.
केवलराम बाबू आधी लाईन आठमध्ये गेले. चंपाच्या वहीतली नावं वाचत गेले, लोक "हाय", "हाय जी" म्हणत गेले. चूक सापडली! तिने एकशे बावन्न लिहिले होते, निघाले एकशे त्रेपन्न. शुक्रवारी एक बाळ झालं.

मग बाबू म्हणाले, "अब तेरी लाईन." मी म्हटलं, तिकडची गरज नाही, तिथे पद्धत वापरली आहे. ते आमच्याच खोलीत शिरले. खाटेवर बाबा झोपले होते. मी म्हटलं, बघा, एक खाट, एक कामगार. तेवढ्यात दोनचा भोंगा झाला. बाबा उठले, जय भीम केला आणि तोंड धुवायला बाहेर गेले. थोड्या वेळाने देवाजीमामा दारातून आत आला, अंगातला शर्ट खुंटीला टांगला आणि कोणाकडे न पाहता त्याच खाटेवर पडला. केवलराम बाबू खाटेकडे बघत राहिले.
"ये कौन?"
मामा, म्हटलं.
"और रात को?"
फकिराकाका.
बाबूंनी वही उघडली. "तेरे घर में कितने लिखे?"
तीन, म्हटलं. कामगार, बायको, एक मूल.
"मूल मतलब बच्चा? वो तो ये है," म्हणत त्यांनी कमलाकडे बोट दाखवलं. "फिर तू कौन है?"
मायने त्यांना पाणी दिलं. अर्धाच पेला होता.

१७ मे, मंगळवार.
रात्रभर विचार केला. पद्धतीत दोष नाही. लोकच चुकीचं झोपतात.
तरी आज स्वतः प्रत्येक दारात उभा राहून मोजलं. दिवस गेला, पायांना फोड. गुलाबबाईंकडे सातच. पूर्ण लाईन: एकशे त्रेचाळीस.
नवा कागद घेऊन पळत ऑफिस गाठलं. केवलराम बाबूंनी तो घेतला, टाचणी लावून ठेवला. यादी मंजूर झाली आहे, पाईपसुद्धा यादीप्रमाणे कापून आले. पुढची यादी दिवाळीनंतर. मी म्हटलं, आज चुकलं ते आज सुधारता येत नाही का? ते म्हणाले, "तूने ही तो लिखा था, बेटा. नीचे लाईन भी खींची थी."

१८ मे, बुधवार.
तक्रार मागे घेतली. तीन ओळी. चंपाजवळ जाऊन गैरसमज झाला असं म्हटलं. गैरसमज कोणाचा ते मोघम ठेवलं. ती म्हणाली, "बरं." इतकंच. माणसाने थोडं तरी भांडावं.

३१ मे, मंगळवार.
सर्टिफिकेट मिळालं. "उपस्थिति संतोषजनक." बस, एकच ओळ. चंपाच्या सर्टिफिकेटवर पाच ओळी आणि दिवाळीच्या सुट्टीत पुढच्या मोजणीला यायचं बोलावणं. अनुभव मोठा, कागद नव्हे. रशियन शब्द एकूण तीन. चहा सोडण्याचा विचार सोडला.

२ जून, गुरुवार.
आठ नंबरच्या लाईनीत नळ सुरू झाला. नारळ फुटला. पाणी सकाळी एकच तास येतं. त्यांच्या बाया चांगल्या आहेत, आमचं झालं की तुम्ही भरा म्हणतात. पण त्यांचं होतं तेव्हा धार बोटाएवढी उरते. माय उठली आणि नेहमीप्रमाणे सडकेकडे गेली. सतरा तारखेपासून ती मला या विषयावर एक शब्द बोललेली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३ जून, शुक्रवार. सकाळी ८.
आज मायच्या मागून मीही सडकेवर गेलो. हंडा घ्यावा असं मनात होतं, पण लाईनीतल्या बाया दिसल्या म्हणून झाडाआड थांबलो. त्या बोलत होत्या. आपल्या लायनीले कोनं मोजलं, त्याचे डोये फुटले होते का, असं. माय हंडा खाली ठेवून म्हणाली, "माह्या पोरानं बरोबर लिवलं होतं. एकशे त्रेचाळीस. हापिसातल्या लोकायनं आकडा बदलवला."
माझी माय खोटं बोलली. चार बायांसमोर, ताठ मानेने. महिनाभर मी तिला खरेपणा शिकवत होतो, आणि तिचा तो खांदा माझ्यामुळे अजून सहा महिने हंडे उचलणार आहे. फार लाज वाटली. झाडाआड उभं राहून रडलो. इथे लिहायला हरकत नाही, अक्षर बारीक आहे.

मग ठरवलं. प्रत्येक दारात जाऊन खरं सांगायचं. चूक ऑफिसची नाही, मायची नाही, माझी. मी खाटा मोजल्या. मनात पूर्ण भाषण तयार केलं, "बंधू आणि भगिनींनो" पासून.
पहिलं दार गुलाबबाईंचं. त्या सडकेवरून नुकत्याच आल्या होत्या, धापा टाकत. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सांगितलं की माय खोटं बोलली.
त्या म्हणाल्या, "मालूम हाय बाप्पा. साऱ्या लायनीले मालूम हाय. तुही माय सतरा तारखेपासून हेच सांगून राह्यली, अन् आमी हो म्हणून राह्यलो." मग पायाने बादली माझ्याकडे सरकवली. "अजून दोन खेपा रायल्या. उचल."