एका दिवसाची कनात

अहेरी,
११ फेब्रुवारी २००२

प्रिय नंदिनी,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. एवढ्या दिवसांत तीनदा कागद घेऊन बसले आणि तीनदा उठले. आळशी म्हणशील, तर म्हण. शाळेत तुझ्या वहीतून उतरवून घेणारी मी, माझ्याकडून वेळेवर काय होणार! पण नोकरीची बातमी वाचून मी आमच्या मंडपाच्या दुकानात ओरडलेच. जिशानचे अब्बा शिडीवर चढून झालर काढत होते, ते पडता पडता वाचले. आपल्या वस्तीतली पोरगी साहेबांबरोबर जीपमध्ये बसून कामगारांची सोय तपासत फिरणार! मी पेढे वाटले, तर शेजारच्या नीलाबाई पेढा तोंडात टाकून विचारतात, "कोनाचं लगन जमलं वो?"

तू लिहिलंस की तुझी पहिलीच तपासणी एटापल्ली रस्त्यावरच्या गिट्टीच्या क्रशरवर आहे, जिथं तुझी आई कामाला जाते. ती गिट्टी ज्या रस्त्याला जाते त्याचा करारही तू पहिल्या पानापासून वाचलास. वीस बायांमागे एक संडास, दाराला आतून कडी, प्यायला स्वच्छ पाणी, बसायला सावली, डोक्याला टोपी. आणि पुढे लिहिलंस, "आईला हे सगळं मिळतं हे वाचून इतकं बरं वाटलं गं." दर वेळी त्या वाक्याशी आले की मी उठते.

तुला सातवी आठवते का? शाळेत मुलींसाठी आडोसाच नव्हता. मधल्या सुट्टीत आपण दोघी पळत घरी जायचो, पळत परत यायचो, तरी उशीर व्हायचा आणि छडी ठरलेली. एक दिवस तू हेडमास्तरांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, आडोसा होईपर्यंत मुली वर्गात बसणार नाहीत. मी तुझ्या मागेच होते, तुझ्या दप्तराआड. दुसऱ्या दिवशी रुखमामावशी डोक्यावर बांबूच्या तट्ट्या घेऊन शाळेत आली. कोणाला काही न विचारता तिनं मागच्या अंगाला खड्डे खणले, तट्ट्या उभ्या केल्या, सुतळीनं आवळल्या आणि हेडमास्तरांना म्हणाली, "गुरुजी, मी सातवा वर्ग नाई पाह्यला. माह्या पोरीले तरी पाहू द्या." तुझ्या आईचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आता दुकानाचं सांगते. लग्नसराई तोंडावर, त्यात बकरीद. कनाती फाटतात, झालरी उसवतात, आणि शिवायचं सगळं माझ्याकडे. सध्या मशीनवर एक वेगळीच कनात आहे. चारी बाजूंनी बंद, उंचीला माणसाच्या वर हातभर, आत एकच बाई मावेल एवढी. कापड तू ओळखशील. माझ्या निकाहच्या मंडपाचं, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं. त्याला टेकून बसलीस, तुझ्या पांढऱ्या ओढणीला रंग लागला आणि नवरीशी दिवसभर भांडलीस, तेच. ही कनात आमच्याकडून वर्षातून एका दिवसासाठी जाते. क्रशरवर.

सांगूनच टाकते. तुझ्या करारातला तो संडास मी शिवते, नंदिनी. तीन वर्षं झाली. तपासणीची तारीख कळली की मुकादम निरोप धाडतो. जिशानचे अब्बा त्या सकाळी जाऊन बांबू रोवतात, कनात बांधतात, खड्ड्यावर फळ्या टाकतात, बाहेर 'स्त्रिया' अशी पाटी लावतात. शेजारी सावलीचा मंडप आणि पाण्याचा पिंप. टोप्या नागपूरहून येतात. साहेब येतात, नाश्ता करतात, वहीत लिहितात. त्यांची जीप वळणाआड गेली की सगळं उतरवून दुकानात. पहिल्या वर्षी यांनी कनात तिथंच सोडली होती, राहू द्या म्हणाले, मला परत नको. चौथ्या दिवशी ती घडी घालून आमच्या दारात आली, आणि क्रशरच्या शेठच्या घरच्या लग्नाचा मंडप दुसऱ्याकडे गेला. बायांनी स्वतः तट्ट्या उभ्या करून पाहिल्या. दोनदा डंपरला वळायला जागा नाही म्हणून काढल्या, तिसऱ्यांदा त्या मुकादमाच्या चहाखाली जळल्या. आजूबाजूची झाडं तर कधीच गेली. वर खाणीत पुरुष, खाली रस्ता, मध्ये अठरा बाया. सकाळी घरून निघताना त्या पाणी पीत नाहीत, ते संध्याकाळी घरी येईपर्यंत नाही. मे महिन्यात काय होत असेल, ते आपल्या उन्हात वाढलेल्या तुला मी काय सांगू.

बसून हजेरी लिहायचं काम आहे, असं रुखमामावशी तुला सांगते ना? तिला नाव लिहिता येतं तेवढंच, हे एवढ्या हुशार पोरीच्या लक्षात कसं आलं नाही गं? ती गिट्टीच्या टोपल्या वाहते. दिवाळीपासून तिला लघवीला जळजळ होत होती. मागच्या महिन्यात रक्त गेलं, पाय सुजले, तेव्हा मी ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, एक किडनी जवळजवळ गेली, दुसरी वाचवायची तर दिवसभर पाणी प्यायला हवं. बाहेर आल्यावर ती चक्क हसली. "डॉक्टरले का जाते सांगाले? पानी पेऊन जाऊ कुठी?" वर मला शपथ घातली, नंदूले कळवायचं नाई. ती शपथ मी आज मोडली. काम सोड म्हटलं तर ऐकत नाही. मला तिचा राग येतो, मुकादमाचा येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटते, की हे सगळं माहीत असून माझा पाय मशीनवरून निघत नाही.

आम्ही नाही म्हटलं तर दुसरा मंडपवाला एका हाकेवर येईल आणि घरात पोरं काय खातील हा प्रश्न आमचा उरेल. तू वहीत खरं लिहिलंस तर शेठ बायांचं काम बंद करेल, सगळ्यांत आधी तुझी आई घरी बसेल. खोटं लिहिलंस तर पुढच्या वर्षी मी पुन्हा शिवेन. तू काय लिहावंस हे मला कळत नाही. खरंच कळत नाही, नंदिनी. सातवीत तुझ्या मागे उभी होते, तशीच आजही उभी आहे.

काल रुखमामावशी दुकानात आली होती. कापडावरून हात फिरवत म्हणाली, "नसीम पोरी, यंदा शिवन जरा मजबूत घाल. माह्या नंदूची पह्यली तपासनी आहे. तिले वाटलं पाह्यजे का मायले सगळं भेटते." मग जाता जाता दारात थांबली आणि लहान मुलीसारखी हळूच म्हणाली, "अन् त्या दिवशी मी पोटभर पानी पेईन. सकाळपासूनच." म्हणून हे पत्र. गुरुवारी, एकवीस तारखेला तू येशील. तिला काही विचारू नकोस, ती वर्षभर सोय असते असंच सांगेल. मागच्या वर्षी साहेब नाश्ता करून तासाभरात उठले होते. तू उठू नकोस. टोप्या पुन्हा मोज, कागद हरवला म्हण, पोट दुखतंय म्हण, काहीही कर, पण पाच वाजता सुट्टी होईपर्यंत जीपमध्ये बसू नकोस. तू गेलीस की कनात उतरेल, आणि तुझी आई पाणी पिऊन बसलेली असेल.

कनात शिवणारी,
तुझीच
नसीम