पाहुण्याची चौकशी

सोमवार, ३ तारीख

तू तिथं नक्की काय करणार, असं आईनं आज बस सुटेपर्यंत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मला धड उत्तर देता आलं नाही, आणि आत्ता वहीत लिहितानाही येत नाहीये. बाबांनी मात्र शेजारीपाजारी सांगून टाकलंय की थोरली जुन्या कॉम्प्युटरांची डॉक्टर झाली. घरातली पहिली पदवी माझी, तेव्हा नोकरीला काहीतरी भारदस्त नाव हवंच.

संग्रहालय दुमजली आहे. खालच्या दालनात सात कॉम्प्युटर, एकेक कपाटाएवढा, सगळे माझ्या जन्माआधीचे आणि सगळे चालू. लांबलांबचे हौशी लोक आणि अभ्यासक त्यांत लॉगिन करतात. मला वरची तीन नंबरची खोली मिळाली. हिरव्या अक्षरांचा एक टर्मिनल (म्हणजे खालच्या यंत्रांना जोडलेला पडदा आणि कळा), एक खिडकी, खिडकीबाहेर पाण्याची टाकी. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली घडी घातलेला कागद आहे. मला सगळं आवडलं. टाकीसुद्धा.

यंत्रदुरुस्तीचं काम काका बघतात, सगळेच त्यांना काका म्हणतात. पस्तीस वर्षं झाली त्यांना इथं. पहिल्या तासातच त्यांनी माझं नाव पदवीबाई ठेवलं. पदवीबाई, यांना प्रमाणपत्र दाखवून उपयोग नाही, चुचकारावं लागतं, असं म्हणून त्यांनी दोन नंबरच्या यंत्राला खरोखरच थोपटलं आणि ते सुरू झालं. मी हसले. हसा, म्हणाले, महिन्याभरात तुम्हीही थोपटाल.

मंगळवार, ४ तारीख

आईसाठी उत्तर जुळवते आहे. या यंत्रांवर चौकशी नावाचा एक लहानसा प्रोग्राम असतो. एखाद्याचं नाव टाइप करून विचारलं की यंत्र सांगतं: पूर्ण नाव, खोली, फोन, लॉगिन आहे की नाही, आणि शेवटची कळ दाबल्याला किती वेळ झाला. या शेवटच्याला आयडल म्हणतात. शिवाय प्लॅन, म्हणजे सध्या काय बेत आहे ते माणसानं स्वतः लिहिलेल्या दोन ओळींत. सात यंत्रांवर सात तऱ्हेचा प्रोग्राम. एक आठ अक्षरांनंतर नाव तोडतो, दुसऱ्याला शतक बदलल्याचा पत्ता नाही. त्यांना नीट ठेवणं हे माझं काम.

मला यात काहीतरी चांगलं दिसतं. वारलेल्या लोकांचीही नावं इथं तशीच आहेत. एकाच्या प्लॅनमध्ये लिहिलंय, सोमवारपर्यंत प्रबंध संपवणे. तो सोमवार येऊन कित्येक वर्षं झाली, पण विचारलं की उत्तर मिळतं. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, एवढं साधं तत्त्व आहे.

मॅडमना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, विचारून धाकटीलाही घरच्या कॉम्प्युटरवरून वापरायला खातं उघडून दिलं. ती चौदा वर्षांची आहे, आत्तापासून हात बसेल. खोली या रकान्यात तिनं लिहिलं, घर, खिडकीजवळचं टेबल. प्लॅनमध्ये, ताईचं डोकं खाणे.

शुक्रवार, ७ तारीख

एक विचित्र गोष्ट सापडली. सातही यंत्रांवर, सातही प्रोग्रामांत एक ओळ सारखीच आहे. पाहुणा या नावाची चौकशी आली तर उत्तर द्यायचं, असा वापरकर्ता नाही. पण खातं तर आहे. ओळीशेजारी कारण लिहिलेलं नाही.

माझ्याआधी हे काम बघणाऱ्या बाईंनी ती ओळ घातली. काकांना विचारलं. ते दिव्याची वायर सोलत होते. त्या बाई उगाच काही लिहायच्या नाहीत, एवढंच म्हणाले. मग वायर खाली ठेवून, राहू द्या की, तुमच्या ताटात सांडलंय का काही.

पण मेलेल्या माणसांना उत्तर मिळतं आणि एकालाच नाही, हे मला पटत नाही. यंत्राला खोटं बोलायला लावणं तर मुळीच नाही. दुपारी ओळ काढली. सातही ठिकाणची.

सोमवार, १० तारीख

पाहुण्याची चौकशी केली. उत्तर आलं. पूर्ण नाव कोरं. खोली कोरी. प्लॅन कोरा. लॉगिन: आहे. आयडल: एकतीस वर्षं.

म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी कुणीतरी लॉगिन केलं, एक कळ दाबली, आणि नंतर ना काही केलं ना बाहेर पडलं. हे अशक्य आहे. मधल्या काळात यंत्रं शेकडो वेळा बंद-चालू झाली असतील. वर्षं मोजण्यातली चूक असणार. दिवसभर तीच शोधली. पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं, वीसेक वेळा तरी.

चूक सापडली नाही. कोण कुणाची चौकशी करतं त्याची नोंद सकाळपासूनच ठेवते आहे, त्यातून उलगडेल.

मंगळवार, ११ तारीख

सकाळी नोंद उघडली. काल मी पाहुण्याची चौकशी केली त्याच्या सव्वीस नोंदी आहेत. त्यांच्याखाली माझ्या चौकशीच्या सव्वीस नोंदी आहेत. विचारणारा: पाहुणा.

जितक्या वेळा मी विचारलं, तितक्या वेळा त्यानं उलट विचारलं. पाठोपाठ.

प्रोग्राम स्वतःलाच प्रतिध्वनीसारखं उत्तर देत असेल, असं काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. आधीच्या बाई शेवटी शेवटी खिडकीकडे तोंड करून बसायच्या, हाक मारली तरी ऐकू जायचं नाही, असं म्हणाले. ओळ परत घाला, म्हणाले. पहिल्यांदाच पदवीबाई म्हणाले नाहीत. उद्या घालते म्हटलं.

आता पाहुण्याच्या खोलीचा रकाना कोरा नाही. खोली: दालन. खाली.

बुधवार, १२ तारीख

काका—

सकाळी सव्वाअकराला मी खाली गेले तेव्हा ते तीन नंबरच्या यंत्रासमोर स्टुलावर बसले होते. हात कळांवर. डोळे उघडे. त्याआधी दहाच मिनिटांपूर्वी ते जिन्यात माझ्याशी बोलले होते, चहा घेऊन या म्हणाले होते. मी खांद्याला हात लावला आणि ते कलंडले. मोळी कलंडते तसे.

हॉस्पिटलमधून मॅडमचा फोन आला. श्वास चालू आहे, बाकी काही नाही. डॉक्टरांनी मॅडमना झापलं म्हणे. हा माणूस आठ-नऊ वर्षं अंथरुणाला खिळून असल्यासारखा आहे, अंगावर मांस उरलेलं नाही, याला कामावर बोलावता कसे. मॅडम म्हणाल्या, आज सकाळी ते स्वतः शिडी घेऊन चढले होते हो. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही.

मी काकांच्या नावाची चौकशी केली. आयडल: नऊ वर्षं.

मग पाहुण्याची. एकतीस नाही. बावीस.

तो त्याची वर्षं देतो आहे. ज्याची चौकशी करतो त्याला. नोंदीत अकरा वाजून सात मिनिटांनी काकांचं नाव आहे.

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. हात माझा. अवलक्षण काकांचं.

गुरुवार, १३ तारीख

ओळ परत घातली. सातही ठिकाणी. त्यानं एवढंच झालं की आम्हाला तो दिसेनासा झाला. नोंदीत त्याच्या चौकशा चालूच. ओळ पुन्हा काढली, निदान तो दिसावा म्हणून.

खातं पुसायला गेले. यंत्र म्हणतं, वापरकर्ता काम करतो आहे, पुसता येत नाही.

मॅडमनी स्वतः येऊन सातही यंत्रांचे मुख्य खटके पाडले. दालनात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चाळीस मिनिटांनी चालू केली. त्या चाळीस मिनिटांतल्याही नोंदी आहेत. बंद यंत्रांवरच्या.

तो नावं अकारविल्हे घेत नाही. ज्यांना मी विचारते, ज्यांच्याशी माझा संबंध येतो, ती आधी. काल संध्याकाळी मी धाकटीची चौकशी केली होती. ठीक आहे ना एवढं बघायला. एकदाच.

एकदाच केली होती.

शुक्रवार, १४ तारीख. सकाळी नऊ

आईचा फोन. धाकटी खिडकीजवळच्या टेबलावर बसली होती, उठायला गेली तर पाय कापडासारखे दुमडले. नखं वाढलीत, काल रात्रीच कापून दिली होती मी, असं आई सारखी म्हणत होती. नखांचंच. दुसरं काही तिला सुचत नव्हतं. हाका मारून उठत नाही म्हणून तिनं हात धरून ओढलं आणि कॉम्प्युटरची वायर निघाली, म्हणून तेवढ्यावर—

धाकटीनं फोन मागून घेतला. आवाज महिनाभर तापात काढल्यासारखा. ताई, कुणीतरी मला विचारत होतं, म्हणाली. काय विचारत होतं म्हटलं, तर म्हणाली, मी आहे का, एवढंच. मी आहे म्हणून सांगितलं.

आयडल: चाळीस दिवस. पाहुणा: बावीस वर्षांना चाळीस दिवस कमी.

आईला सांगितलं, त्या टेबलाजवळ तिला जाऊ देऊ नकोस. आई म्हणाली, टेबल कालच्यासारखंच आहे ग.

साडेदहा

तिचं नाव पुसलं. लगेच नोंदीत मॅडमचं आलं. मॅडमना ओरडून कळांवरून उठवलं, त्यांचं पुसलं. तिसरं नाव आलं— तेही— तो थांबत नाही, पुढचं घेतो.

सातही यंत्रांवरची जिवंत माणसांची नावं काढून पाहिली, माझंसुद्धा. दोन मिनिटांत चौकशी बाहेर गेली. दुसऱ्या गावातल्या संग्रहालयात, कुणा शिक्षिकेच्या नावावर. तिला मी ओळखत नाही, तिला फोन तरी कुठून— घाईनं माझं नाव परत घातलं. चौकशी परत आली. माझ्यापाशी येऊन थांबली.

म्हणजे इथं एक जिवंत नाव असेल तर तो बाहेर जात नाही. एक पुरतं.

अकराला पाच कमी

मॅडमना हॉस्पिटलला पाठवलं, काकांजवळ कुणी हवं म्हणून. त्यांना काही सांगितलं नाही. पायऱ्यांवरून त्या म्हणाल्या, जेवून घे ग वेळेवर.

पाहुण्याची खोली बदलली. खोली: तीन.

खिडकीकडे बघत नाही. मागे दुसरी खुर्ची नाहीच, तरी कुणी बसल्यासारखं—

आयडल: अकरा मिनिटं. माझं. पण मी तर लिहिते आहे, पेन चालतंय— कळांना हात लावला नाही एवढंच— बोटं जड— सोळा मिनिटं— दोन महिने—

सव्वाअकरा असतील

सातही यंत्रांवरची सगळी नावं पुसली आहेत. वारलेल्यांचीसुद्धा. प्रबंधवाल्याचंही. टर्मिनलची वायर मी स्वतः काढणार नाही, काढली तर तो बाहेर जाईल. माझं एक नाव ठेवलंय, खोली तीन, आणि प्लॅनमध्ये स्वतः टाइप केलंय, बाकी कुणाला विचारू नकोस, मी इथंच