उताराकडे तोंड

मंगळवार, संध्याकाळ

पाठ धरली आहे. गॅरेजात आलीय तुंगार्लीच्या बंगल्यातली ती बुटकी स्पोर्ट्स कार. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पार पुढे आणि मधे लांबलचक पाइप. त्यातली हवा काढण्यात दिवस गेला. चार वेळा कूलंट भरलं, हवा सोडायचा पुढचा स्क्रू उघडला, इंजिन चालू ठेवलं. तापमानाचा काटा वर आणि हीटर गारच, म्हणजे हवा अजून आतच. शेवटी दत्तूवर ओरडलो, पाइप तूच सैल बसवलास म्हणून. बारा वर्षं सोबत काम करतोय तो. त्याने हात पुसले आणि आंदर मावळात घरी गेला.

चहा पिताना लक्षात आलं. गाडी उतारावर मीच लावली होती, तोंड खाली करून. जन्माची सवय, बॅटरी उतरली तर ढकलून सुरू करता यावी म्हणून. पण हवा वर चढते. नाक खाली असताना ती पुढच्या स्क्रूकडे येईल कशी? गाडी फिरवून नाक वर केलं. बुडबुडे सुटले, आणि थोड्या वेळात हीटर गरम!

दत्तूला फोन लावला. म्हणाला, "मला सकाळीच दिसलं व्हतं, भाऊ. सांगाया आलतो. तुमी म्हनला, मधे बोलू नको."

म्हणालो होतो? म्हणालो असेन.

माफी मागायलाच फोन केला होता. "उद्या लवकर ये," एवढंच तोंडातून निघालं.