बाबा बोटीवर येतात की नाही

ल मारँ, मार्टिनिक
१२ डिसेंबर १९८७

ती. अनिकताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल. कोंकार्नोत पाऊस पडत असणार, म्हणून तिकडची हवा विचारत नाही.

बातमी बसून वाच. मी बोट घेतली आहे. किंचाळू नकोस, विकत नाही, नऊ दिवसांपुरती भाड्याने. चाळीस फुटी शिडाची बोट, चौघांची झोपायची सोय, सोबत खलाशी नाही की तांडेल नाही. तांडेल मी, बोट मीच चालवणार! गेल्या महिन्यात रीतसर परीक्षा पास झालो. प्रमाणपत्र जेवणाच्या टेबलासमोर लावलंय आणि ओदिल रोज सूप पिताना त्याच्याकडे बघून हसते. शुक्रवारी, १२ फेब्रुवारीला इथून निघायचं, सेंट लुसिया, मग बेकिया, मग आणखी खालची चिमुकली बेटं, आणि परत. मी, ओदिल, तू आणि बाबा.

बाबांना आणायचं काम तुझं. मी हे कशासाठी करतोय ते तुला ठाऊक आहे, पण एकदा लिहूनच टाकतो. पंधरा वर्षांचा असताना बाबांच्या ट्यूनाच्या बोटीवर मी अकरा दिवस ओकत होतो. बाराव्या दिवशी त्यांनी मला स्पेनमध्ये, ला कोरुन्याच्या धक्क्यावर उतरवलं आणि आगगाडीत बसवून दिलं. नंतर सगळ्या बंदराला सांगितलं की पोरगं जमिनीवरचं आहे. आज मी बेचाळीस वर्षांचा आहे, भूगोलाचा मास्तर आहे, टक्कल पडलंय. तरी त्यांनी एकदा डेकवर बसून मला सुकाणू धरलेलं बघावं असं मला वाटतं. फार वाटतं. आता हसायचं तर हस.

सामानाची यादी सोबत जोडली आहे. मुख्य म्हणजे कडक सुटकेस चालणार नाही, घडी होणारी मऊ पिशवीच हवी, कारण बोटीत सुटकेस ठेवायला जागाच नसते. काळ्या तळव्याचे बूट नकोत, डेकवर डाग पडतात. आणि येताना आपलं खारं लोणी आण. इथे मिळतं ते अळणी.

ओदिलचा नमस्कार. तिकडचा लोभ विमानाने पाठवत जावा, जहाजाने फार उशीर लागतो.

तुझा,
गुलवेन


कोंकार्नो
२३ डिसेंबर १९८७

चि. गुलवेन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. टपाल कचेरीत मीच ते थैलीतून काढलं आणि मूर्खासारखं न वाचता बाबांच्या हातात दिलं. त्यांनी बोटीची बातमी वाचली. मग तुझी यादी वाचली. यादीत तिसऱ्या ओळीत तू स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलंयस, ओदिलच्या हातचा सशाच्या मांसाचा पाते, बारा बरण्या.

अरे गाढवा! ओदिल लिओंची, समुद्रापासून लांबची, तिला माहीत नसेल. पण तू कुठे जन्मलास? आपल्याकडे बोटीवर त्या प्राण्याचं नाव कुणी काढत नाही, 'लांब कानवाला' म्हणतानासुद्धा इकडेतिकडे बघतात, आणि तू त्याच्या बारा बरण्या भरून दर्यावर निघालास! बाबांनी कागदाची घडी घातली, म्हणाले की ही बोट परत येणार नाही, आणि मांजराला दूध घालायला गेले.

संध्याकाळी पुढचं निघालं. शुक्रवारी बंदर सोडायचं नसतं हे मास्तरला कळत नाही का. मी म्हटलं, वार बदलता येईल. मग तू पाठवलेला फोटो चष्मा काढून, चष्मा लावून, खिडकीशी नेऊन बघितला. बोटीच्या पोटावर हिरवा पट्टा आहे. हिरवा रंग दर्यावर अशुभ, असल्या बोटीवर ते पाय ठेवणार नाहीत. मी म्हटलं, तुमच्या अंगातला स्वेटर हिरवाच आहे. तर म्हणाले की ते स्वेटरात बसून समुद्रात जात नाहीत.

आता गंमत ऐक. नाही नाही म्हणतात आणि सामान भरतात! रविवारी गेले तर पलंगावर त्यांची जुनी लाकडी पेटी उघडी. तिच्यात लोकरीचे दोन जाड स्वेटर, मेणकापडाचा लांब कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि कानटोपी. तिकडे तीस डिग्री असतं म्हटल्यावर म्हणाले की बोट ती बोट. मऊ पिशवीचं सांगितलं तर म्हणे ती धुण्याच्या कपड्यांना ठीक. सोमवारी गेले तर पेटी रिकामी, सगळं परत कपाटात. आज पुन्हा भरलेली. आई असती तर तिने पेटीसकट त्यांना बाहेर ठेवलं असतं.

माझी तयारी म्हणशील तर सहा किलो लोणी आणि पोहण्याचा एक पोशाख. पोशाख कँपेरला जाऊन घेतला. दुकानातली पोरगी म्हणाली की काळ्या रंगात माणूस बारीक दिसतो. मी काळाच घेतला आहे, आणि बारीक दिसत नाही.

सौ. ओदिलला आशीर्वाद. बहिणीवर माया ठेवावी आणि यादी पाठवण्याआधी दोनदा वाचावी.

तुझी,
अनिकताई


ल मारँ
४ जानेवारी १९८८

ती. अनिकताईस,
सा. न. वि. वि.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. माझं वर्ष वाईट सुरू झालं आहे.

लांब कानवाले बाराच्या बारा शेजाऱ्यांना वाटले. ओदिलने तीन दिवस ते शिजवण्यात घालवले होते, त्यामुळे ती माझ्याशी फक्त 'मीठ दे' एवढंच बोलते. जाण्याचा दिवस बदलून शनिवार, १३ केला. भाड्याच्या कचेरीतले मस्ये तेलेस्फोर हसतील असं वाटलं होतं, पण ते गंभीर होऊन म्हणाले की त्यांची आजीसुद्धा शुक्रवारी होडीत बसत नसे, आणि माझे वडील समजूतदार दिसतात. हिरवी बोट परत केली. आता मिळाली आहे ती पांढरी, निळ्या पट्ट्याची, पहिलीपेक्षा दोन फूट लहान. ओदिलला केस वाळवायचं यंत्र न्यायचं होतं, त्याला बोटीवर वीज पुरत नाही असं सांगितलं. तेव्हापासून 'मीठ दे'सुद्धा बंद आहे.

आता राहिलं काय? बाबांना आणखी काही आठवायच्या आत मी एक युक्ती केली आहे. बोटीवरच्या माणसांची यादी कचेरीला आधी द्यावी लागते. तिच्यात तांडेल म्हणून मी बाबांचं नाव घातलं आहे, नक्कल सोबत आहे. ती त्यांना दाखव. मान ठेवला म्हटल्यावर येतील.

ताई, खरं सांगू? मला वाटतं अडचण ना वाराची आहे ना रंगाची. मी चालवणार आहे म्हणून ते येत नाहीत. तसं असेल तर मला स्पष्ट लिही, उगाच समजूत घालू नकोस.

तुझा लोभ मीठ मागण्यापुरता तरी शिल्लक असू दे.

गुलवेन


कोंकार्नो
१५ जानेवारी १९८८

चि. गुलवेन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी युक्ती चुलीत घाल. बाबांनी ती यादी वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. मग म्हणाले की कुठल्या बंदरात तोतया तांडेल बोट नेत नाही, आणि सत्तर वर्षांच्या माणसाला खेळण्यातली टोपी घालून बसवायचं असेल तर जत्रेत बसवा. पेटी पुन्हा रिकामी.

पण मी काय शोधलं ते वाच. त्यांच्या पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा होता. जन्मभर समुद्रावर राहून या माणसाकडे पासपोर्ट नाही, खलाशाच्या वहीवर सगळं जग फिरले! दाखला शोधताना कपाटाच्या तळाशी त्यांच्या खेपांच्या वह्या सापडल्या. मी उभ्या उभ्या चाळल्या. १९५६, जून, निघालो शुक्रवारी. १९५८, पुन्हा शुक्रवार. १९६१ ला तर शुक्रवारी निघाले आणि त्या खेपेला बोट काठोकाठ भरून मासळी आणली. आणि बोटीचं पोट त्यांनी स्वतः रंगवलेलं, कोणत्या रंगाने ते तुला लहानपणीचं आठवत असेलच. गवतासारखं हिरवंगार!

वह्या टेबलावर आपटल्या आणि विचारलं, हे काय आहे. आधी म्हणाले की लोकांच्या कपाटात हात घालणारीला टपाल खात्यात ठेवलं कुणी. मग बराच वेळ मांजराची पाठ खाजवत बसले. आणि मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण माझ्याच्याने ते सजवून लिहवणार नाही.

म्हणाले की गुलवेन चालवणार म्हणून भीती नाही, परीक्षा पास झालाय म्हणजे चालवेल. भीती माझ्याच तोंडाची आहे. तो शीड जरा सैल सोडेल, दोर चुकीचा बांधेल, आणि माझं तोंड उघडेल. चाळीस वर्षं बोटीवर ते कधी बंद राहिलेलं नाही. तासाभरात पोरगं पुन्हा पंधरा वर्षांचं होईल, माझ्यामुळे. एकदा केलं तेवढं पुरे झालं. म्हणून मी घरी बरा.

एवढं बोलून मला म्हणाले की लोणी वितळेल, त्याचं काय करणार आहेस ते बघ.

मी रडले, गुलवेन. मग घरी जाऊन लोण्याचे डबे मोजायचं नाटक केलं. आता जे लिहायचं ते तू त्यांना थेट लिही. मी मध्ये नाही. पासपोर्ट तयार आहे, त्यातल्या फोटोत ते मासे चोरताना पकडलेल्या बोक्यासारखे दिसतात.

धाकट्यांवरची माया जुनीच आहे, ती वापरत राहावी.

तुझी,
अनिकताई


ल मारँ
२४ जानेवारी १९८८

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अनिकताईने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

तुम्ही गप्प बसून येणार असाल तर येऊ नका. मला पाहुणा नको आहे. शीड सैल असेल तर ओरडा. दोर चुकला तर शिव्या द्या, ओदिलला आपल्या गावाकडच्या भाषेतल्या समजत नाहीत. मी घाबरलो तर घाबरेन, पण या वेळी सुकाणू सोडणार नाही, आणि बोट मी भाड्याने घेतली असल्यामुळे मला कुणी उतरवूही शकत नाही. परीक्षा घेणाऱ्याने मला पास केलं, ते पुरेसं झालं नाही, बाबा. मला तुमच्याकडून ऐकायचं आहे, चांगलं ऐकायला मिळालं नाही तरी चालेल.

यादीत तुमचं नाव तांडेल म्हणून घातलं ही माझी चूक. कोरी यादी सोबत आहे. तुमच्या पुढे काय लिहायचं ते तुम्हीच लिहा. काहीच लिहिलं नाहीत तरी मी समजेन.

आशीर्वाद तुमच्या सोयीने द्यावेत, पण द्यावेत.

आपला,
गुलवेन


कोंकार्नो
२ फेब्रुवारी १९८८

गुलवेन,

आशीर्वाद. अनिक म्हणते पत्राला वर काहीतरी घालायचं असतं, ते घातलं.

यादी भरून पाठवतो आहे. तांडेल: गुलवेन. खलाशी: मी. ओदिल आणि अनिक यांच्यापुढे 'प्रवासी' लिहिलं, त्यावर अनिक चिडली, म्हणून तिला स्वयंपाकी केलं, तर आणखी चिडली. तुझं तू बघ, तांडेलला ते निस्तरावंच लागतं.

मऊ पिशवी घेतली. तिच्यात मेणकापडाचा कोट मावत नाही, म्हणून अंगात घालून येईन. विमानात लोक बघतील तर बघू देत. बूट आणत नाही. अनवाणी डेकवर मी शेवटचा सोळाव्या वर्षी चाललो होतो.

त्यावरून सांगतो. आता सांगितलंच पाहिजे, तोंडाने मला ते जमणार नाही. त्या सोळाव्या वर्षी माझी पहिली खेप होती, माझ्या बापाच्या बोटीवर. मी एकोणीस दिवस ओकत होतो. तू अकरा. पोटात पाणी ठरत नव्हतं, मी त्याला विनवलं की मला कुठेही उतरव. बापाने उतरवलं नाही. माझ्या हातात बादली दिली आणि रोज सकाळी विचारायचा की अजून जिवंत आहेस का. विसाव्या दिवशी मी भाकरी खाल्ली.

हे मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. तुला ओकताना माझ्याने बघवलं नाही. पण ते बंदरात सांगायची लाज वाटली, म्हणून पोरगं जमिनीवरचं आहे असं सांगितलं. पोरगं ठीक होतं. आणखी चार दिवस थांबायला हवं होतं, ते मी थांबलो नाही.

विमान गुरुवारी, ११ तारखेला दुपारी पोचतं. घ्यायला ये. मी ओरडणार, ते कबूल. तेवढं सोडून बाकी हुकूम तुझा चालेल.

लोभ असू दे, आणि मला वाटेत कुठे उतरवू नकोस.

तुझा बाप,
कोरांतँ