मेंढरांच्या कडेला झोप

कोळवण,
तुमच्याच वावराच्या बांधावरून

तीर्थस्वरूप जयसिंगमामांना,

निरंजनचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेलायत; दिशा आणि बाळ दोघंही खुशाल असतील. (फोनच करणार होतो, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि अख्खी गल्ली ऐकते.)

महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये मला कित्येक महिने झोप नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी रात्रभर कूस बदलतो, पंखा वाढवतो, कमी करतो, उठून पाणी पितो. शेवटी आरोही उशी घेऊन हॉलमध्ये गेली. जाताना म्हणाली, एकदा कुठेतरी जाऊन नीट दमून ये. बायकोचं हे बोलणं फार लागलं, मामा. म्हणून सॅक पाठीला लावून बसनं कासारसाई गाठली आणि तिथून पायी निघालो. रात्री चालायचं, चांदण्यांखाली पडायचं, असं करत ताम्हिणी ओलांडून कोकणात उतरायचं ठरवलं.

पहिल्याच रात्री तुमच्या वावरात शिरलो. (घराची किल्ली शेजारी असते, पण छपराखालीच झोपायचं तर फ्लॅट काय वाईट होता?) आता, खतासाठी तुम्ही बाजी धनगरांची मेंढरं वावरात बसवून गेलात हे मला कोण सांगणार? तारे नीट दिसावेत म्हणून बॅटरी बंद केली होती. कळपाभोवतीच्या जाळीत पाय अडकला आणि आडवा झालो तो थेट एका मेंढीवर. कुत्री धावली, मागून काठी घेऊन बाजी. "कोन हाय रं? कोकरू चोरतुया व्हय?" पुरावा म्हणून मी स्लीपिंग बॅग दाखवली, तर त्यांना ती कोकरं भरायची पिशवी वाटली. तुमचं नाव घेतलं तेव्हा काठी खाली आली.

मग त्यांच्या भागूबाईंनी चौकशी केली. "घर न्हाई व्हय तुला?" म्हटलं, आहे, फ्लॅट आहे. "मंग बायकूनं काढला आसंल." मी स्लीपिंग बॅगची घडी घालू लागलो. त्यांना दया आली असावी. "पड हितंच, मेंढरांच्या कडंला. पर हलू नगं, न्हाईतर समदी उठत्याल."

मामा, कूस बदलायची बंदीच झाली! एक मेंढी पाठीला टेकून रवंथ करत होती. तिची झोपमोड नको म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होतो, त्यात डोळा कधी लागला कळलंच नाही. तोंडावर ऊन आलं तेव्हा भागूबाई चहा घेऊन उभ्या होत्या आणि मला चक्क रडू आलं. तेव्हापासून मी इथेच आहे. कोकण राहिलं.

आपला भाचा,
निरंजन

ता.क. खरं काम असं की उद्या मेंढरं हलणार. मी थांबा म्हटलं तर बाजी म्हणतात, "मालकाचा शबुद पायजे." तेवढं आता तुमच्या खालच्या वावरात मेंढरं बसवायला त्यांना फोन करून सांगा. पत्राचा फोटो दिशाच्या मोबाइलवर पाठवतोय. आरोहीला मात्र मी ताम्हिणीत असल्याचं कळवलंय, तेव्हा घोळ नको.

आणखी एक ता.क. आत्ताच आरोहीचा फोन आला. मी निघाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. घर फार शांत झालंय म्हणाली आणि रडली. गाडी काढून ताम्हिणीला निघालीय. तिला खरं काय ते सांगून मी इकडेच बोलावतो. तुम्ही बाजींना तेवढं दोघांच्या जागेचं सांगा.