एकोणीस पायऱ्यांवरची संस्था

३ जून
चि. धाकट्यास,
अ. आ.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून मुद्दाम पत्र. आमची संस्था चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर गरजूंना फुकट वापरायला देते, हे तुला ठाऊक आहेच. तीस वर्षं झाली. परवा एका देणगीदारांनी विचारलं, की ज्यांच्यासाठी काम करता, त्यांच्यापैकी समितीत कोण आहे. आम्ही अकरा जण एकमेकांकडे पाहत राहिलो. सगळे धडधाकट, अध्यक्ष तर रोज पोहायला जातात. नवा सभासद जुन्या सभासदाच्या ओळखीतलाच हवा, असा आमचा नियम आहे, त्यामुळे ओळखीतलेच येत राहिले.

आता एक अपंग सभासद तातडीने हवा आहे. तुझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शंभर माणसं येतात. चालता न येणारं, पण स्पष्ट बोलणारं कुणी पाहण्यात असेल तर कळव. स्वभावाने गरीब असेल तर उत्तम.

गोळ्या वेळेवर घे, हे सांगणे न लगे, तरी सांगते.
तुझी ताई

९ जून
ती. ताईस,
बसल्या जागेवरून सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून शोधात होतो. एक गृहस्थ सापडले. वय बावन्न, धंदा घड्याळदुरुस्ती, एकविसाव्या वर्षी गाडीखाली आल्यापासून पाय चालत नाहीत. बोलतात स्पष्ट. स्वभावाची खात्री देत नाही. थोरली बहीण तुमच्याच संस्थेची चिटणीस आहे, तेव्हा ओळखीचा प्रश्न मिटला.

रागावलेलो नाही, असं लिहिणार होतो, पण रागावलोय. पाहुणे आले की आई सांगायची, तो जरा बसलाय. एकतीस वर्षं मी जरा बसलोय. तुम्ही दोघींनी मला कधी अपंग मानलं नाही, ते प्रेमानं, हे कळतं. पण त्याच प्रेमापायी तुला कचेरीच्या एकोणीस पायऱ्या कधी दिसल्या नाहीत. एकदा चौघांनी मला उचलून वर नेलं आणि अध्यक्षांनी माझ्या धैर्यावर भाषण केलं. मला फक्त खाली उतरायचं होतं.

सभा खाली घेणार असलीस तर येतो. उचलून घेणार नाही.
मोठ्यांस नमस्कार, पायऱ्यांस नाही.
धाकटा

१४ जून
चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. इतक्यांचे अर्ज भरले, अडचणीच्या रकान्यात बिनदिक्कत 'अपंग' लिहिलं. तुझ्या नावापुढे मात्र हात चालला नसता. तो शब्द लिहिला, तर तू कधीच उठणार नाहीस, असं वाटायचं. चुकलं माझं.

सभा शनिवारी चारला, खालच्या गोदामात. अध्यक्षांच्या मते गोदामात शोभा राहत नाही. मी म्हटलं, आपलं सगळं सामान तर तिथेच राहतं. वरच्या खुर्च्या खाली आणायला कुणी तयार नाही, तेव्हा मंडळी मिळेल त्या सामानावर बसतील. ये रे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

२२ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभा छान झाली. खजिनदार बसले होते ती कमोडची खुर्ची होती, हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. अध्यक्षांना चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सापडेना, म्हणून बोलता बोलता ते दोनदा भिंतीकडे गेले.

मला सभासद करून घेतल्यावर पहिलाच ठराव निघाला, तो माझ्या धैर्याच्या अभिनंदनाचा. मी विरोधात हात वर केला. तीस वर्षांत विरोधात हात कुणी पाहिलाच नव्हता. अध्यक्षांनी समजावलं, की ठराव माझ्या भल्याचाच आहे. मी हात तसाच ठेवला, ताई. वाटलं, आता तू लहानपणासारखी डोळ्यांनी दटावणार. आणि तुझाही हात वर गेला.

दहा विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर झाला आणि माझं अभिनंदन झालं. विरोधातली दोन्ही नावं इतिवृत्तात तुझ्याच अक्षरात आहेत. त्या पानाची प्रत पाठव. दुकानात लावणार आहे, माझ्या नजरेच्या उंचीवर.

लोभ असाच, भर सभेत असावा.
धाकटा